गुजराती ‘र’ आणि दोनचा आकडा

सुरतेच्या कापडबाजारातल्या पाटीवर गुजराती ‘र’ आणि गुजराती दोन शेजारीशेजारी आले, की अक्षर कोणते आणि आकडा कोणता हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. वर उजवीकडे फुगलेला बाक, खाली उजवीकडेच निघालेली शेपटी. साचा जवळपास एकच. मराठी वाचकाने देवनागरी ‘र’ची शिरोरेषा बोटाने झाकली, तर हेच साम्य घरच्या लिपीतही दिसते.

तरी या दोघांचे कूळ वेगळे आहे. ब्राह्मी या मूळ लिपीतला ‘र’ म्हणजे एक उभी रेघ. तिला वळणे पुढे आली. दोनचा आकडा मुळात दोन आडव्या रेघांचा. लेखणी न उचलता त्या ओढता ओढता जोडल्या गेल्या. तोच आकडा अरबांमार्फत युरोपात पोचला. म्हणून पाटीवरचा गुजराती दोन शेजारच्या ‘र’ला परका, पण इंग्रजी दोनाचा भाऊबंद ठरतो.

असे योगायोग होणारच, कारण हाताला सोपे आकार मोजकेच आहेत: रेघ, बाक, गाठ, वर्तुळ. शंभराहून अधिक लिप्यांच्या 2005 मधील एका अभ्यासात एका अक्षराला सरासरी तीनच फटकारे आढळले.

सुरतेतच कतारगाम दरवाज्याच्या परिसरात डच आणि आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. आकाराच्या अशाच फसव्या साम्याचे उदाहरण या आर्मेनियनांच्या लिपीत सापडते. ती इसवी सन 405 च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्सने घडवली. तिच्यात इंग्रजी ‘यू’सारखे दिसणारे मोठे अक्षर ‘स’ आहे आणि ‘एस’सारखे दिसणारे ‘ट’च्या जवळचे. आकारावर विसंबून वाचणारा पहिल्याच शब्दाला फसेल. खरे नाते दुसरीकडे आहे: वर्णांचा क्रम बराचसा ग्रीक वर्णमालेचा आहे.

आकाराबरोबर उच्चारही जुळतो का, ही कसोटी ब्राह्मीबाबत अधिक मोलाची ठरते. गिरनारच्या अशोकलेखात ‘ध’ इंग्रजी ‘डी’सारखा आणि ‘ज’ इंग्रजी ‘ई’सारखा दिसतो, उच्चार मात्र जुळत नाहीत. याउलट घराच्या छपरासारखा ‘ग’ फिनिशियन लिपीतल्या ‘गिमेल’ या अक्षराशी आकाराने जुळतो आणि उच्चारानेही. एका अक्षरावरून काहीच सिद्ध होत नाही. पण आकार आणि उच्चार दोन्ही जुळणारी अशी आणखीही अक्षरे आहेत, म्हणून ब्राह्मी घडवणाऱ्यांसमोर फिनिशियनची वंशज असलेली अरामी लिपी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.