आधी पाणी पाळा, मग झिंगे

रीलमध्ये ते फार सोपं दिसतं. काचेची टाकी, हिरवंगार मॉस, त्यावर चरणारे लालभडक चेरी श्रिम्प आणि मागे एखादं संथ गाणं. तुम्हीही सेव्ह करून ठेवलं असेल. मीही केलं होतं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत माढ्याला घरी जाताना पुण्यातून दहा झिंगे घेतले, एक चाळीस रुपयांना. कुर्डुवाडीपर्यंत रेल्वेत पिशवी मांडीवर, तिथून पुढे एसटीत छातीशी. घरी पोचल्यावर आजीनं पिशवी उजेडाला धरून पाहिली आणि विचारलं, "ह्ये खायाचं हाय का नुसतं बघायचं?"

बघायलाही फार मिळाले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या दहा तळाला, गुलाबी पडलेले.

तुम्ही टाकी आणायच्या विचारात असाल तर हा पहिला घोटाळा नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच हरतात आणि दुकानदाराला शिव्या घालतात. मी टाकी धुतली, पाणी भरलं, त्याच संध्याकाळी झिंगे सोडले. पाणी दिसायला आरशासारखं. पण झिंगे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि तो त्यांच्यासाठी विष. नदीत किंवा विहिरीत एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानानं बरंच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाळूवर, मॉसवर, फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वसतात, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकी रिकामी चालवायची. रिकामी म्हणजे झिंग्यांशिवाय. चिमूटभर माशांचं खाद्य टाकून ते सडू द्यायचं, म्हणजे जिवाणूंना काहीतरी खायला मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच पाहुणे आणायचे. महिनाभर नुसतं पाणी बघत बसायला धीर लागतो. माझ्या धाकट्या भावानं त्या टाकीचं नाव ‘अदृश्य मासा’ ठेवलं होतं.

दुसरा प्रश्न आमच्या गावाचा. सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्यांना बोअरच्या पाण्याची ओळख करून द्यायला नको. बादलीला पांढरा थर, हीटरच्या कॉइलवर खडे, साबणाला फेस नाही. टीडीएस मीटर आणलं (पेनासारखं असतं, स्वस्त मिळतं) आणि आमच्या बोअरमध्ये बुडवलं तर ११००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत ठीक धरतात, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आम्ही ‘चालवून घेतात’ या गटात. चेरी श्रिम्पना साधारण १५० ते ३०० मानवतं. मग घरच्या आरओचं पाणी वापरू म्हटलं तर ते ४०. इतक्या मऊ पाण्यातही ते जगत नाहीत, कारण झिंगा वाढताना कात टाकतो आणि नवं कवच कडक व्हायला त्याला पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं की जुनी कात अर्ध्यावर अडकते आणि झिंगा त्यातच मरतो.

उपाय स्वयंपाकघरातला निघाला. चार तांबे आरओचे, एक तांब्या बोअरचा. मीटरवर २५०. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या जड पाण्याचा मला उपयोग झाला! पण हेही सांगायला हवं की मीटर फक्त एकूण क्षार मोजतं, त्यात कॅल्शियम किती आणि नुसतं मीठ किती हे सांगत नाही. त्यासाठी कठीणपणा मोजायचं थेंबांचं वेगळं किट घ्या. आणि टाकीतलं पाणी उन्हानं आटलं की वरून भर घालायची ती फक्त आरओच्या पाण्याची, कारण वाफ होते पाण्याची, क्षार मागेच राहतात. मिश्रण ओतत राहाल तर दोन महिन्यांत टाकीचं बोअर होईल.

महिन्याभरानं बारा झिंगे आणले. या वेळी सलाईनच्या नळीनं टाकीतलं पाणी थेंबथेंब त्यांच्या भांड्यात दोन तास सोडलं, म्हणजे नव्या पाण्याची सवय व्हावी. आमच्याकडे ठिबक उसाला असतं, मी झिंग्यांना केलं. तीन आठवडे सगळं झकास. मग एका रविवारी पाणी बदललं, आणि संध्याकाळपर्यंत ते वेड्यासारखे काचेवर धडकायला लागले. सोमवारी अकरा गेले.

अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. तापमान ठीक. मी डोकं धरून बसले. तेवढ्यात तात्या (माझे चुलते) परसात हाका मारत आले, "अगं, माझी निळी बादली कुणी घेतली?"

तात्यांची डाळिंबाची बाग आहे. त्या बादलीत ते बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद भिजवतात. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. बादली मी विसळली होती, पण माझ्या विसळण्यानं झिंग्यांचं समाधान झालं नाही. गंमत अशी की झिंग्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे द्रव्य असतं, हिमोसायनिन, त्यात तांबंच असतं. आपल्या रक्तात लोह असतं तसं. तरी पाण्यात विरघळलेलं तांबं जरा जास्त झालं की त्यांच्या कल्ल्यांची वाट लागते. म्हणून माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर लिहिलं असेल तर ती झिंग्यांच्या टाकीजवळ नेऊ नका. डासांचा स्प्रेही खोलीत मारू नका. त्यात कीटकांसाठी जे विष असतं ते झिंग्यांनाही तेवढंच लागू पडतं, कारण कीटक आणि झिंगे जवळचे नातेवाईक. बाजारची पालकाची जुडी फवारलेली असू शकते, ती उकडून मगच द्या. आता आमच्या घरात एका पांढऱ्या बादलीवर मार्करनं ‘झिंगे’ लिहिलंय आणि तिला कुणी हात लावत नाही.

वाचलेला एक झिंगा मादी होता. तिच्या सोबतीला आणखी आठ आणले, आणि इथून पुढची गोष्ट चांगली आहे.

मादी थोडी मोठी, जाड आणि जास्त लाल असते. पाठीवर मानेमागे पिवळसर डाग दिसला की समजायचं, अंडी तयार होतायत. तिनं कात टाकली की पाण्यात गंध सुटतो आणि सगळे नर टाकीभर सैरावैरा पोहत सुटतात. पहिल्यांदा मला वाटलं, पुन्हा बादलीचं काहीतरी झालं! दुसऱ्या दिवशी अंडी पोटाखाली, वीस-तीस. ती पोटाखालच्या बारक्या पायांनी त्यांना सतत वारा घालते, म्हणजे ताजं पाणी मिळतं आणि बुरशी धरत नाही. तीन ते चार आठवड्यांनी त्यातून दोन मिलिमीटरचे अख्खे झिंगे बाहेर पडतात, मिशांसकट. इथं चेरी श्रिम्पचं खरं वेगळेपण आहे. टाकीतलं शेवाळ खायला लोक जो अमानो श्रिम्प आणतात (जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानोंनी १९८० च्या दशकात तो लोकप्रिय केला), त्याचीही मादी अंडी धरते, पण पिल्लं अळीच्या रूपात निघतात आणि त्यांना खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात ती जगत नाहीत. खायच्या मोठ्या गोड्या कोळंबीचंही तसंच. १९६० च्या सुमारास मलेशियात शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाची पिल्लं अशीच मरत होती. वैतागून त्यांनी स्वयंपाकघरातलं सोया सॉस पाण्यात टाकून पाहिलं आणि पिल्लं तरारली, अशी गोष्ट सांगतात. सॉसमधलं मीठ कामाला आलं होतं.

पिल्लांसाठी फार काही करावं लागत नाही. साधा फिल्टर त्यांना ओढून घेतो, म्हणून स्पंज फिल्टर लावा. मॉस भरपूर ठेवा. जंगली बदामाचं एक वाळलेलं पान टाका, तुमच्या कॉलेजच्या आवारात खच पडलेला असेल. त्यावर जो बुळबुळीत थर धरतो तेच त्यांचं जेवण. टाकलेली कात काढू नका, ती खाऊन ते कॅल्शियम परत मिळवतात. पाणी आठवड्याला दहा टक्क्यांवर बदलू नका. तीन महिन्यांत पिल्लं स्वतः अंडी धरायला लागतात. नऊ झिंग्यांचे पुढच्या मार्चपर्यंत शंभराच्या वर गेले. नंतर मी मोजणं सोडलं.

मार्च म्हणजे आमच्याकडे उन्हाळाच. पाणी तिसाच्या वर गेलं की झिंगे हळूहळू सुस्त होतात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. एसी आमच्याकडे नाही. टाकीवर जुनी सुती साडी ओली करून टाकली, वर पंखा लावला. माठ ज्या कारणानं गार होतो त्याच कारणानं तीन-चार अंश उतरतात. कॉलेज सुरू असताना ही साडी ओली ठेवायचं काम भावाकडे असतं आणि त्याचा तो महिन्याला हिशोब मागतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. टाकीतलं नायट्रेट काही केल्या उतरेना. नायट्रेट पाणी बदलून कमी करायचं असतं; मी बदलत होते आणि ते होतं तिथंच. शेवटी भाऊ म्हणाला, "तायडे, ओततेस ते पाणी तपासलंस का?" नव्हतं तपासलं. ताज्या मिश्रणात पट्टी बुडवली, ती गुलाबी झाली. मग सरळ बोअरमध्ये बुडवली. ती इतकी गडद झाली की डबीवर शंभरच्या आकड्याशी जुळवावी लागली. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे.

आमच्या आसपास सगळा ऊस. युरिया पिकाला पुरून उरला की पाण्याबरोबर जमिनीत उतरतो, गोठ्याचं आणि शोषखड्ड्याचंही उतरतं. घरी आरओ आहे, तो बहुतेक नायट्रेट काढतो. पण वस्तीवर नाही. तिथं माझा चुलतभाऊ आणि वहिनी राहतात, आणि तेव्हा त्यांचं बाळ चार महिन्यांचं होतं. वहिनी बोअरचं पाणी वीस-वीस मिनिटं उकळून त्यात पावडरचं दूध करायची. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होऊ शकते. बाळ निळसर पडतं.

मी रात्रीच फोन केला. वहिनी आधी हसली, "झिंग्यांच्या कागदावर काय विश्वास ठेवायचा गं?" मुद्दा बरोबर होता. हौशी पट्ट्या अंदाज देतात, निदान नाही. नमुना सोलापूरला प्रयोगशाळेत दिला. आकडा आला ८२. बाळाला काही झालं नव्हतं. दुसऱ्याच दिवसापासून त्याच्या दुधासाठी आरओचा जार सुरू झाला. तुमच्या गावातही तपासता येतं: २०१९ पासून चालू असलेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत विचारा, किट कुठल्या कपाटात आहे.

शंभरावर झिंग्यांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडेलच. थोडे मी मित्रमैत्रिणींना विकले. खर्च निघाला, गाडी घेता आली नाही. वेगवेगळ्या रंगांचे एकत्र ठेवलेत तर चार पिढ्यांत सगळे मूळच्या मातकट रंगावर येतात, मग ते कुणी घेत नाही. पण काहीही झालं तरी सीना, भीमा किंवा विहिरीत सोडू नका. आमच्याच तालुक्यात भीमानगरला उजनी धरण आहे. त्यात शोभेच्या टाकीतला सकर मासा कुणीतरी सोडला, तो वाढला, आणि आज मच्छीमारांच्या जाळ्यात तोच अडकतो. खायला कुणी घेत नाही, काटेरी अंगानं जाळी मात्र फाडतो.

गेल्या रविवारी शेजारच्या काकू पाण्याची बाटली घेऊन दारात उभ्या होत्या. "आमच्या हापशाचं पण बघ की गं जरा." डबीत शेवटची पट्टी होती. ती वापरली, आणि नवी डबी मागवलीय.