एकाच क्रूझवर सलग दोन सफरी: बुकिंगआधी काय तपासायचं?

कोल्हापूरहून सिंगापूरची क्रूझ गाठायची, तर आधी रात्रभराची महालक्ष्मी एक्स्प्रेस, मग मुंबईहून विमान. ही यातायात एकदाच करून दोन सफरी पदरात पाडाव्यात, म्हणून काही जण एकाच जहाजावर लागोपाठच्या दोन सफरी बुक करतात. यालाच 'बॅक-टू-बॅक' क्रूझ म्हणतात.

जहाज तेच असलं तरी कंपनीच्या लेखी या दोन वेगळ्या सफरी असतात. दोन्हीसाठी एकच केबिन मिळाली नाही, तर मधल्या दिवशी सामान हलवावं लागतं.

खरी मेख व्हिसात आहे. समजा, सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी सफर दोनदा करायची आहे. विमानाने उतरताना सिंगापूरमध्ये पहिला प्रवेश, पहिली सफर संपताना दुसरा, दुसरी संपताना तिसरा, असं धरून चला. म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा एका सफरीलाही पुरत नाही.

अमेरिकेत पेच वेगळा आहे. तिथल्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी जहाजाने सिएटल ते व्हँकुव्हर आणि लगेच व्हँकुव्हर ते लॉस एंजेलिस अशा सफरी जोडता येत नाहीत. सुटी सफर चालते. जोडली, की तो सिएटल ते लॉस एंजेलिस असा एकच प्रवास धरला जातो.

कागदपत्रं अपुरी असली, तर जहाजावर चढू देत नाहीत आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी दोन्ही सफरींचे बुकिंग क्रमांक कंपनीला एकत्र कळवा आणि व्हिसावर किती प्रवेशांची परवानगी आहे, ते मोजा.