हरवलेला चेंडू

हरमलच्या किनाऱ्यावरील वाळूचे उंचवटे आपल्या परिचयाचे आहेत. स्कॉटलंडच्या सागरतीरी अशाच गवताळ उंचवट्यांत गोल्फचा खेळ वाढला. तेव्हा चेंडू हरवणे हे त्याच्या पाचवीलाच पुजलेले! मात्र शोधाला मुदत आहे. पूर्वी ५ मिनिटे मिळत. १ जानेवारी २०१९ पासून ३ मिनिटेच मिळतात, तीही शोध सुरू झाल्यापासून. शोधताना चेंडूला चुकून धक्का लागल्यास दंड नाही. तो मूळ जागी ठेवावा. मुदत सरल्यावर मात्र समोर दिसला, तरी तो हरवलेलाच! मग एका फटक्याचा दंड सोसून मागच्याच जागेवरून पुन्हा खेळावे लागते. म्हणून शंका येताच, तसे जाहीर करून, दुसरा तात्पुरता चेंडू मारून ठेवणे शहाणपणाचे. आपली आशा सुटत नाही हे खरे; पण मागे इतर खेळाडू खोळंबलेले असतात, हेही तितकेच खरे.