काळूच्या डोहातले बेडूकमासे

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या खाचरांत रात्रभर डराव-डराव चालते. एरवी शेवाळी-तपकिरी दिसणारा मोठा नर बेडूक त्या काही दिवसांत पिवळाजर्द होतो आणि हाका मारताना त्याच्या गळ्याशी दोन निळे फुगे फुगतात. माद्या साचल्या पाण्यात अंडी घालतात. पण उन्हाळाभर गटारांत, नाल्यांत आणि कारखान्यांच्या आवारात साठलेली घाणही याच पावसाने धुऊन ओढ्याला लागते. बेडकाचे बाळंतपण आणि पाण्याची सर्वात वाईट अवस्था एकाच आठवड्यात येतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले 53 पट्टे महाराष्ट्रातले, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. यादीत ठाणे जिल्ह्यातून वाहणाऱ्या भातसा, काळू, तानसा आणि उल्हास या नद्यांची नावे आहेत. मुंबईला पाणी पाजणाऱ्या भागातल्या नद्यांची ही नोंद आहे, हे विसरून चालणार नाही.

मुंबईकराच्या नळाला येणारे पाणी आधी शुद्ध केले जाते. बेडकाला ती सोय नाही. तो तोंडाने पाणी पीतच नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ, ओलसर कातडीतून ते शोषून घेतो. श्वासाचा मोठा भागही कातडीतूनच चालतो. पाण्यात विरघळलेले कीटकनाशक, साबणाचा अंश किंवा जड धातू त्याच्या अंगात शिरायला त्यामुळे फारसा अडथळा नसतो. अंड्यांना कवच नसते, नुसता चिकट गर असतो. त्यातून निघणारे बेडूकमासे कल्ल्यांनी श्वास घेतात. धुण्याच्या पावडरीतली रसायने याच नाजूक कल्ल्यांना इजा करतात. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मग ते पिल्लू पुन्हा पुन्हा वर येऊन हवा घोटू लागते आणि तिथे बगळा टपलेलाच असतो.

जगलेल्यांचेही सगळे ठीक होते असे नाही. शेपूट झडून पाय फुटण्याचा सगळा खेळ थायरॉइडच्या संप्रेरकावर चालतो आणि अनेक रसायने नेमकी त्यातच ढवळाढवळ करतात. लैंगिक वाढही यातून सुटत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ टायरोन हेज यांच्या गटाने 2010 साली दाखवले की, अ‍ॅट्राझिन या तणनाशकाच्या एक अब्ज भागांत अडीच भाग एवढ्या मात्रेत वाढवलेल्या नर बेडकांपैकी सुमारे दहा टक्के पुढे माद्यांसारखे झाले आणि त्यांनी अंडीही घातली. आपल्या पश्चिम घाटातही, कर्नाटकातल्या शेतीपट्ट्यात वाढणाऱ्या नेहमीच्या बेडकांत शारीरिक व्यंगे आढळल्याचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला.

मुरबाड आणि शहापुरात हा धोका फक्त कारखान्याच्या नळीतून येत नाही. भात निघाल्यावर नदीकाठी भेंडी, काकडी लावतात. भेंडीवर फवारणी वारंवार होते. संध्याकाळी फवारणीचा पंप ओढ्यातच खंगाळला जातो, रिकामी बाटली काठावर पडते. एप्रिल-मेमध्ये ओढे आटून फक्त डोह उरतात, तेव्हा तीच मात्रा थोड्या पाण्यात दाटते. पाण्यात बारमाही राहणाऱ्या बेडकांना या डोहांशिवाय दुसरी जागाच नसते.

यात नुकसान शेतकऱ्याचेही आहे. खाचरातला बेडूक रात्रभर किडे टिपतो. भारतातून बेडकाच्या तंगड्या पूर्वी मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. 1987 साली निर्यातबंदी झाली तेव्हा शेतातली कीड आणि फवारणीचा वाढता खर्च हा त्यामागचा ठोस मुद्दा होता. तेव्हा बेडूक पोत्यात भरून जात होते, आता ते अंड्यातच संपू शकतात, आणि या मरणाचा बाजारात कुठे हिशेब लागत नाही.

पंप शेताच्या बांधावर, ओढ्यापासून दूर धुणे आणि ते पाणी शेतातच जिरवणे एवढे तर शेतकऱ्याच्या हातात आहे. सांडपाणी प्रक्रियेशिवाय ओढ्यात न सोडणे हे ग्रामपंचायतीचे, नगरपंचायतीचे आणि कारखानदाराचे काम आहे. पाण्याचे नमुने घेताना पहिल्या पावसाचा आठवडा वगळला, तर बेडकांचा सगळ्यात घातक काळच तपासणीतून निसटतो. तो आठवडा वेळापत्रकात घालायला नवा कायदा लागत नाही.