मूठभर मातीचा महाबुद्ध

वैशाख पौर्णिमा ही भगवान बुद्धांच्या जन्माची, संबोधीची आणि महापरिनिर्वाणाचीही तिथी मानली जाते. या मंगल दिनी लुंबिनी, बोधगया, कुशीनगर या पुण्यस्थळांचे स्मरण आपण करतोच. आज मात्र वाचकांस भारतभूमीपासून फार दूर, जपानची प्राचीन राजधानी जी नारा नगरी, तेथे घेऊन जावे असा मानस आहे. तेथील तोदाइजी मंदिरात विराजमान असलेल्या महाबुद्धाचे नेत्र सुमारे पावणेतेराशे वर्षांपूर्वी एका भारतीय भिक्षूच्या हस्ते उघडले गेले, ही गोष्ट आपल्याकडे अजून फारशी ठाऊक नाही.

प्रस्तुत लेखकास या मूर्तीच्या दर्शनाचा योग आला तेव्हा मनावर पहिला परिणाम झाला तो अर्थातच तिच्या भव्यतेचा. मंदिराच्या वाटेवर हरणे निर्भयपणे हिंडत असतात. दक्षिण महाद्वारात १२०३ साली घडविलेले आठ मीटरांहून उंच असे दोन काष्ठमय द्वारपाल उभे आहेत. ते ओलांडून प्रांगणातून आत जावे, तो समोर पंधरा मीटर उंचीची पद्मासनस्थ कांस्यमूर्ती! एकेक कर्ण अडीच मीटरांचा, एकेक नेत्र एक मीटर लांब. उजवा हात अभय देणारा, डावा हात वर देणारा. या बुद्धाचे जपानी नाव ‘बिरुशाना’. हा आपल्या ‘वैरोचन’ शब्दाचाच अवतार होय. ‘वि’ उपसर्गपूर्वक ‘रुच्’ म्हणजे विशेषत्वाने प्रकाशणे. अवतंसक सूत्रात वर्णिलेला हा विश्वव्यापी प्रकाशरूप बुद्ध आहे. म्हणूनच त्याची मूर्ती मानवी मापाने घडविली गेली नाही.

परंतु केवळ मापे सांगून थांबलो तर या मूर्तीचे मर्म हाती लागणार नाही. ती का घडली, हे पाहिले पाहिजे.

इ. स. ७३५ ते ७३७ या काळात जपानात देवीच्या साथीने हाहाकार उडविला. लोकसंख्येचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग मृत्युमुखी पडला असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सम्राज्ञी कोम्यो हिचे चार बंधू, जे राज्याचे आधारस्तंभ होते, ते एकाच वर्षात गेले. त्यापूर्वीच दुष्काळ आणि भूकंप यांनी प्रजा गांजली होती. राज्यावरील संकटांचा दोष सम्राट शोमूने स्वतःकडे घेतला, आणि ७४३ साली महाबुद्धाच्या निर्मितीचे आज्ञापत्र काढले. त्या आज्ञापत्राचा आशय मोठा हृद्य आहे. राज्याची संपत्ती आणि सत्ता आपल्या हाती आहे; तिच्या बळावर मूर्ती उभी करणे सोपे, पण तिच्यात प्राण येणे कठीण, असे तो सम्राट म्हणतो. यास्तव कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्यास सहभागी करून घ्यावे, आणि या कार्याच्या निमित्ताने अधिकाऱ्यांनी प्रजेला छळू नये, असे त्याने बजावले.

लोकांना या कार्याकडे वळविण्यासाठी सम्राटाने ज्याला बोलाविले, तो ग्योकी नावाचा भिक्षू होता. गावोगाव हिंडून धर्म सांगणारा, लोकांच्या हातांनी पूल आणि तळी बांधवून घेणारा हा पुरुष. परवानगीवाचून सामान्य जनांत उपदेश करतो म्हणून ७१७ साली याच राजसत्तेने त्याच्यावर ठपका ठेवला होता. लोकांचे हृदय ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडे शेवटी राजालाही यावे लागते, याचे इतके बोलके उदाहरण आम्हां कीर्तनकारांना आख्यानासाठी क्वचितच मिळेल. मूर्ती पूर्ण होण्यापूर्वीच, ७४९ साली ग्योकीने देह ठेवला.

मूर्तीचे ओतकाम तळापासून शिरापर्यंत आठ टप्प्यांत, सुमारे दोन वर्षे चालले. तांबे बहुतांशी आजच्या यामागुची प्रांतातील खाणीतून आले. मुलाम्यासाठी सोने कोठून आणावे ही चिंता होती, तोच ७४९ साली ईशान्येकडील मुत्सु प्रांतात सोने सापडल्याची वार्ता आली. प्रमुख शिल्पी कुनिनाका नो किमिमारो हा कोरियातून आलेल्या निर्वासिताचा नातू. लाकूड, धातू आणि श्रम देणाऱ्यांची मंदिराच्या जुन्या नोंदीतील बेरीज २६ लाखांहून अधिक भरते. त्यांत एकाच माणसाची हजेरी अनेकवार मोजली गेली असे धरले, तरी केवढा हा जनसमुदाय!

आणि मग आला नेत्रोन्मीलनाचा दिवस. आपल्या शिल्पशास्त्रातही हा विधी आहे. डोळे उघडल्यावाचून पाषाणाची अथवा धातूची मूर्ती पूज्य होत नाही. ७५२ सालच्या चौथ्या चांद्रमासाच्या नवमीला, म्हणजे तेथील परंपरेप्रमाणे बुद्धजन्माच्या तिथीच्या दुसऱ्याच दिवशी, हा सोहळा झाला. तो मास म्हणजे स्थूलमानाने आपला वैशाखच. सिंहासन कन्येकडे सोपवून निवृत्त झालेल्या शोमूची प्रकृती क्षीण झाली होती. म्हणून मूर्तीचे नेत्र रेखाटण्याचा मान त्याने बोधिसेन या भारतीय भिक्षूला दिला. भारद्वाज गोत्रातील हा विद्वान चीनमार्गे ७३६ साली जपानला पोहोचला होता. त्याच्यासमवेत चंपा देशाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भूमीतील, एक भिक्षूही आला होता, आणि त्याच्या परंपरेतील नृत्यसंगीत तेथील दरबारात रुजले.

बोधिसेनाच्या हातातील कुंचल्याला लांबच लांब दोर बांधले होते, आणि ते दोर जमलेल्या लोकांनी हाती धरले होते. कुंचला फिरला एकाचा; नेत्र मात्र सर्वांनी उघडले! तो कुंचला आणि तो निळा दोर शोसोइनच्या संग्रहात आजही जतन केलेले आहेत.

संस्कृताच्या अभ्यासकाला येथे आणखी एक आनंद आहे. जपानी बालके आपली अक्षरे ‘अ, इ, उ, ए, ओ’ आणि पुढे ‘क, स, त, न’ या क्रमाने शिकतात. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णाभ्यासातून तेथे आला. बोधिसेनासारख्यांनी पेरलेले बीज पुढील शतकांत असे अंकुरले.

येथवरचे सारे मंगलच सांगितले. परंतु दुसरी बाजू झाकून ठेवणे धर्माला शोभणारे नव्हे. सोहळ्यानंतर पाचच वर्षांनी, ७५७ साली, राजद्रोहाच्या आरोपावरून पकडलेल्या ताचिबाना नो नारामारो या सरदाराने जबाबात सांगितले, की तोदाइजीच्या बांधकामाने लोक हालअपेष्टांत पडले. चौकशी करणाऱ्याने त्याला उलट सुनावले, की हे काम तर तुझ्या पित्याच्याच कारकिर्दीत सुरू झाले होते. या उत्तराने वादी निरुत्तर होईल, पण लोकांचे हाल खोटे ठरत नाहीत. प्रजेला छळू नका असे सम्राटाने लिहिले, तरी लेखणी आणि वेठ यांच्यामध्ये अधिकारी असतातच. स्वेच्छेने आणलेली मूठभर माती आणि जबरीने वाहून घेतलेली टोपलीभर माती यांत जो भेद आहे, तो प्रत्येक देवालय बांधणाऱ्याने ध्यानी ठेवावा.

या भेदाचा निवाडा जणू काळानेच केला. ८५५ साली भूकंपानंतर मूर्तीचे मस्तक गळून पडले. ११८० साली ताइरा नो शिगेहिरा याच्या सैन्याने लावलेल्या आगीत मंदिर भस्मसात झाले आणि मूर्ती वितळली. १५६७ सालच्या युद्धात पुन्हा तीच गत झाली. सम्राटाचे वैभव केव्हाच लयाला गेले होते. अशा वेळी मूर्ती उभी राहिली ती भिक्षेवर. पहिल्या अग्निप्रलयानंतर एकसष्ट वर्षांचा चोगेन हा भिक्षू दान मागत देशभर फिरला. ११८५ साली निवृत्त सम्राट गो-शिराकावा याने मूर्तीचे नेत्र पुन्हा उघडले, आणि त्यासाठी हाती घेतला तो ७५२ सालचा तोच कुंचला! दुसऱ्या विध्वंसानंतर मूर्ती कित्येक दशके ऊनपावसात उघडी होती. कोकेइ नावाच्या भिक्षूने १६८४ पासून दान गोळा केले. १६९२ साली मूर्ती सिद्ध झाली. सभागृह १७०९ मध्ये पूर्ण झाले, ते पाहावयास कोकेइ उरला नव्हता. द्रव्याअभावी या सभागृहाची रुंदी मूळच्या दोन तृतीयांशच, सुमारे ५७ मीटर, ठेवावी लागली.

म्हणजे आज आपण पाहतो ते मस्तक सतराव्या शतकातील. मूळच्या घडणीचे अंश आसनाच्या कमलदलांवर आणि अन्यत्र थोडेफार उरले आहेत. मग हा बुद्ध तोच म्हणावा काय? आपल्या आगमशास्त्रात जीर्णोद्धारापूर्वी मूर्तीतील दैवी कला कलशात आकर्षून घेतात आणि कार्य संपल्यावर पुन्हा प्रतिष्ठापित करतात. तोदाइजीतही दर वर्षी ७ ऑगस्टला, शुभ्र वस्त्रे नेसलेले भिक्षू आणि भाविक महाबुद्धाची धूळ झाडतात. त्यापूर्वी मंत्रपठण करून मूर्तीतील चैतन्याला क्षणभर दूर होण्याची प्रार्थना केली जाते. धातू बदलतो, हात बदलतात. संकल्प तोच राहतो. दिव्याने दिवा लावावा, तसे हे सातत्य आहे.

याच मंदिराजवळ हातभर उंचीची, नारा काळातील एक बालबुद्धाची मूर्तीही आहे. ८ एप्रिल हा जपानात बुद्धजन्माचा दिवस. त्या दिवशी तेथे तिच्या प्रतिकृतीवर गोड चहाचे अभिषेकपात्र रिते केले जाते. अबालवृद्ध रांगेने येतात, एकेक पळी ओततात आणि हात जोडून पुढे सरतात. पंधरा मीटरांच्या महाबुद्धाच्या दारी भक्ताकडून अपेक्षा आहे ती एवढीच, एका पळीची. आजच्या पौर्णिमेला आपणही सत्कार्यासाठी काही देऊ, तेव्हा ते किती आहे हे मोजत बसू नये. ते आपल्या मनाने दिलेले आहे ना, एवढेच पाहावे.