दोन गुंड पाणी

सहावी-सातवीच्या मुलांना लिहितं करायला मोबाईल आणि संगणक किती उपयोगी पडतात, आणि कुठं आडवे येतात, ते माझ्या वर्गातल्या अनुभवावरून सांगते.

आधी मी अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे होते, आता अकोला जिल्ह्यात शिकवते. दोन्हीकडची गावं पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली. जमिनीखालचं पाणी खारट. नळाला गोडं पाणी कधी येतं, त्यावर घरातल्या बाईचा दिवस ठरतो. मुलांजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं. पण ‘माझा आवडता ऋतू’ असा विषय दिला, की सगळ्या वह्यांत एकच पावसाळा. तोच मोर, तीच कागदाची होडी. हा पाऊस गाईडातला. आमच्या वावरात तो कधी पडलेला नाही!

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईल अभ्यासात शिरला. शाळा उघडल्यावर मी त्यातली एक गोष्ट ठेवून घेतली, ती म्हणजे आवाज नोंदवण्याची सोय. तिला इंटरनेट लागत नाही. पाच मुलांत एक फोन असला तरी भागतं. दिवसा तो वडिलांबरोबर वावरात गेलेला असतो, म्हणून हा गृहपाठ संध्याकाळचा. काल घरी पाणी कसं आलं, एवढंच दोन मिनिटं बोलायचं. मग थांबत-थांबत ऐकायचं आणि वहीत उतरवायचं. या वयात मुलाचं बोलणं लिहिण्याच्या कितीतरी पुढे असतं. लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घातच त्याचा जीव अडकतो आणि गोष्ट निसटते. आवाज नोंदवलेला असला, की ती निसटत नाही.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, ते चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडून आठवणी गोळा करून. आधी ऐकणं, मग लिहिणं.

वहीतला मजकूर मुलं शाळेच्या संगणकावर टंकतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात, हे कळलं की मुलं लवकर सरावतात. प्रत्येक खर्डा वेगळा जतन करायला लावते. पहिला आणि तिसरा शेजारी ठेवून वाचले, की काय खोडलं ते दिसतं, आणि कधीकधी खोडलेलंच चांगलं होतं हेही दिसतं.

आडवं कुठं येतं? गूगलनं २०१७ मध्ये मराठी बोलून टंकण्याची सोय दिली, तेव्हा मला वाटलं, झालं काम. पण आमची वऱ्हाडी ‘ळ’चा ‘य’ करते. मुलगी म्हणाली ‘कायी माती’, आणि पडद्यावर उमटलं ‘काय माती’. वर्ग हसला, ती गप्प झाली. मग मात्र तिनं बोलणंच पुस्तकी केलं. तेव्हापासून ते बटण आम्ही फक्त गंमत म्हणून वापरतो.

त्याहून मोठा घोटाळा गेल्या वर्षी झाला. सातवीतल्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘माय दोन गुंड घेऊन आली.’ गुंड म्हणजे आपला पाण्याचा. त्यानं मोठ्या भावाच्या मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं, भाषा सुंदर कर. तिनं आईला दोन गुंडांबरोबर घरी आणलं, आणि पुढं आईच्या धैर्याचं वर्णन! पाणी गेलं, रांग गेली, डोक्यावरची चुंबळ गेली. उरलं ते इतकं शुद्ध होतं, की घाईत वाचलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

त्या यंत्राला हसायचा अधिकार मला नाही. दर्यापूरला असताना एका मुलीच्या वहीत मीच ‘गुंड’ खोडून तांबड्या शाईनं ‘हंडा’ लिहिला होता. ‘मले’चं ‘मला’ केलं होतं. वर्षभर ती तीन ओळींच्या वर लिहीत नव्हती. उद्धव शेळक्यांच्या १९६० सालच्या ‘धग’मध्ये माणसं वऱ्हाडी बोलतात, ते आपण वाखाणतो, मुलांच्या वहीत तीच बोली आपल्याला चूक वाटते. आता माझा नियम असा : निवेदन प्रमाण मराठीत हवं असेल तर ठेवा, पण माणसाच्या तोंडचा आणि घरातल्या वस्तूचा शब्द बदलायचा नाही. यंत्राला विचारायचंच असेल, तर ‘लिहून दे’ म्हणायचं नाही. ‘हे वाचून तुला काय कळलं नाही, ते विचार’ म्हणायचं. त्या मुलाला अशानं चांगला प्रश्न मिळाला : नळाला पाणी किती दिवसांनी आलं होतं?

आवाज नोंदवताना घरच्यांना विचारायचं आणि तो गटावर टाकायचा नाही, हेही पाळतो.

त्या मुलानं गोष्ट पुन्हा लिहिली आणि घरी मायला वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकलं, मग म्हणाली, “दोन नाई, तीन खेपा झाल्या होत्या त्या दिवशी. लिहाचं असन तं बराबर लिहजो.” चौथ्या खर्ड्यात तीन खेपा आहेत.