आत्रेयीने आश्रम का सोडला?

इतकी वर्षे शिकवून पदरी काय पडले, असे निवृत्त शिक्षकास बहुतेक सर्वच विचारतात. परवा शेजारचा एक तरुण, ज्याची नुकतीच शिक्षक म्हणून नेमणूक झाली आहे, हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे आला. वेतनाचे आकडे त्यास आमच्याहून अधिक ठाऊक होते. त्याचा रोख निराळा होता. त्यास जे सांगितले तेच वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत मात्र वडिलांपाशी व पुढे पाठशाळेत झाले. संस्कृतच्या शिक्षकाचे एक ठरलेले स्वप्न असे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात अव्वल ठरणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली; पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि मेघदूत त्यांनी मराठीत आणले. आपल्या हातूनही असे एखादे रत्न घडावे, या आशेने आम्ही वर्गाकडे पाहत असू. त्यामुळे पहिल्या दोन बाकांपलीकडे आमची दृष्टी क्वचितच जाई.

मागच्या बाकांसाठी आमच्यापाशी एक श्लोक तयार होता. तो भवभूतीच्या उत्तररामचरितातला. आम्हांस मात्र सुभाषितसंग्रहात भेटलेला. गुरू हुशार व मंद शिष्यांस सारखेच देतो, फळात मात्र अंतर पडते. स्वच्छ मण्यात प्रतिबिंब उमटते, मातीच्या ढेकळात उमटत नाही, असा त्याचा आशय. शिक्षकास याहून सोयीचे वचन दुसरे नसेल. आम्ही दिले, घेता आले नाही, तर दोष आमचा नव्हे!

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका मुलास ‘राम’ शब्द चालविता येईना. तृतीयेपाशी तो रोज अडखळे. एके दिवशी आम्ही हा श्लोक वर्गात म्हटला, अर्थ सांगितला आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालो, “हा पाहा मृत्पिंड.” वर्ग हसला. तो मुलगाही हसला, म्हणून आम्हांस काही वाटले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. घरची अडचण असेलही; परंतु आम्ही चौकशीसुद्धा केली नाही, हे लिहिताना आज मान खाली जाते.

पुढे बारा वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, संपूर्ण नाटक टीकेसह वाचावयास घेतले. दुसऱ्या अंकाच्या आरंभी तो श्लोक आला, आणि तो कोणाच्या मुखी आहे हे पाहून आम्ही पुस्तक मिटले. तो उद्गार कोणा गुरूचा नाही. तो आत्रेयी नावाच्या एका विद्यार्थिनीचा आहे! वाल्मीकींचा आश्रम सोडून ती अगस्त्यादि ऋषींकडे वेदान्त शिकावयास दंडकारण्यातून निघाली आहे. वनदेवता वासंती तिला कारण विचारते. आत्रेयी दोन कारणे सांगते. कुश आणि लव इतके बुद्धिमान आहेत की, त्यांच्या बरोबरीने आपणास शिकता येत नाही, हे एक. गुरुजी रामायणाच्या रचनेत गुंतले आहेत, हे दुसरे.

म्हणजे ज्यास आम्ही शिक्षकाची ढाल समजत होतो, ते मागे पडलेल्या शिष्येने स्वतःविषयी काढलेले उद्गार होते. वाल्मीकींनी तिला ढेकूळ म्हटलेले नाही. आम्ही म्हटले होते.

त्यानंतर आम्ही मागच्या बाकापासून शिकविण्यास आरंभ केला. कारकांचा पाठ चालला होता. रामाने बाणाने वालीस मारले, या परंपरागत उदाहरणाने ‘करण’ समजावून झाले. शेवटच्या बाकावर एका सुताराचा मुलगा गप्प बसला होता. शाळा सुटल्यावर तो वडिलांच्या हाताखाली काम करी. आम्ही विचारले, “फळी कशाने काढतोस?”

“करवतीने.”

“कशापासून?”

“ओंडक्यापासून.”

“देतोस कोणाला?”

“गिऱ्हाइकाला.”

“आणि हे सारे कोठे?”

“दुकानात.”

करण, अपादान, संप्रदान, अधिकरण अशी चार नावे आम्ही फळ्यावर लिहिली. तो क्षणभर पाहत राहिला व म्हणाला, “मग गुरुजी, मी कर्ता, आणि फळी कर्म?”

सहाही कारके पुरी झाली होती. त्यास परीक्षेत गुण बेताचेच पडले. शिष्यवृत्तीशी त्याचा संबंध आला नाही. परंतु पुढे दरवर्षी आम्ही कारके करवतीनेच शिकविली.

हुशार विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात, आनंद होतो. तथापि आमच्यावाचूनही ते शिकलेच असते, हे मनाशी कबूल करावे लागते. आम्ही नसतो तर जे घडले नसते, ते त्या ‘मग गुरुजी’मध्ये आहे. आमचे वेतन ते.

आणि ऋणही एक आहे. आत्रेयीस निदान अगस्त्यांच्या आश्रमाची वाट सांगणारी वासंती भेटली. आमच्या वर्गातून गेलेल्या त्या मुलास कोठे आश्रम मिळाला की नाही, हे आम्हांस आजवर कळलेले नाही. त्या तरुणास आम्ही इतकेच सांगितले : हजेरी घेताना जो एक दिवस दिसला नाही, त्याच्या घरी त्याच सायंकाळी जाऊन ये.